गढूळ तळ्यातून निळ्या तळ्यात : निकाराग्वातल्या माशांच्या डोळ्यांमागे

३ डिसेंबर : ग्रानादा

मानाग्वाच्या विमानतळावर उतरून गाडीने तासाभरात ग्रानादाला पोचलो. प्रवासाचं एवढंच. सामान टाकलं आणि भाचीला घेऊन तडक तळ्याकडे निघाले.

निकाराग्वाला लोक ज्वालामुखी बघायला येतात, पॅसिफिकच्या लाटांवर खेळायला येतात. मला इथे यायचं होतं ते मिडास सिक्लिड नावाच्या माशासाठी. इथली माणसं त्याला मोहार्रा म्हणतात. हा मासा मुळात देशातल्या दोन विस्तीर्ण, उथळ आणि गढूळ तळ्यांत राहणारा. त्यातले काही मासे पुढे शेजारच्या ज्वालामुखींच्या विवरांत साचलेल्या नितळ तळ्यांत पोचले आणि तिथे त्यांची नजर बदलली. वर्गात प्राणिशास्त्र शिकवताना हे उदाहरण मी कितीदा तरी दिलं असेल. उत्क्रांती म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर कोट्यवधी वर्षं येतात. इथला हिशेब जेमतेम हजार-दोन हजार पिढ्यांचा आहे. भाची पाण्याखालचं चित्रीकरण करते आणि स्पॅनिश बोलते, त्यामुळे सोबतीचा प्रश्न सुटला होता.

गल्ली संपली आणि समोर कोसिबोल्का पसरलेलं. नकाशावर त्याचं नाव निकाराग्वा सरोवर. आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं, त्यामुळे पलीकडचा काठ दिसायचा प्रश्नच नाही. वारा सुटलेला, लाटा समुद्रासारख्या आदळत होत्या, पण पाणी तपकिरी. सरासरी खोली अवघी तेरा मीटरच्या आसपास असल्याने वाऱ्याने तळाचा गाळ ढवळून निघतो, शिवाय शेवाळ आहेच. दिवे लागल्यावर चायुले नावाच्या बारीक माश्यांचे थवे आले. चावत नाहीत, पण नाकातोंडात जातात. तळ्याकाठी संध्याकाळ काढायची असेल तर पातळ ओढणी जवळ ठेवा.

४ डिसेंबर : इस्लेतास

मोंबाचो ज्वालामुखीचा एक कडा फार पूर्वी ढासळून तळ्यात आला. त्याच्या तुकड्यांची झाली ही इस्लेतास, म्हणजे शेकडो छोटी बेटं. काहींवर श्रीमंतांचे बंगले, काहींवर कोळ्यांची दोन-दोन घरं, आणि एखाद्यावर फक्त एक आंब्याचं झाड. सकाळी लवकर निघा, दहानंतर वारा वाढतो आणि नाव फार हलते. भाडं माणशी ठरवू नका, नावेचं ठरवा. सुटे कोर्दोबा जवळ ठेवा. डॉलर चालतात, पण मोड मिळत नाही.

आमचा नावाडी साठीचा, मितभाषी होता. मी पिशवीतून पांढरी तबकडी काढली तेव्हा मात्र त्याने वल्हं बाजूला ठेवलं. अशा तबकडीला सेकी तबकडी म्हणतात. आंजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून अशीच तबकडी पाण्यात सोडून समुद्राची पारदर्शकता मोजली होती. दोरीने तबकडी खाली सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की खोली बघायची. उपकरण एवढंच, पण अजूनही जगभर वापरतात. आम्ही तबकडीवर लाल, हिरवी आणि निळी अशा तीन फितीही बांधल्या होत्या.

तबकडी गुडघाभर खाली गेली तेव्हाच पिवळट झाली, मग चहाच्या रंगाची, आणि कमरेएवढ्या खोलीला पोचायच्या आत नाहीशी. मला बघायच्या होत्या त्या फिती. सगळ्यात आधी निळी फीत काळी पडली. तिच्यानंतर हिरवी गेली. लाल फीत शेवटपर्यंत तांबूस दिसत राहिली. भाची नावेच्या कडेवर वाकून बघत होती. ती म्हणाली, "मावशी, डायव्हिंगच्या वर्गात तर शिकवतात की लाल रंग पहिल्यांदा जातो!" ते समुद्राच्या स्वच्छ पाण्यात. तिथे पाणीच लाल प्रकाश शोषून घेतं आणि निळा खोलवर जातो. इथे गाळ, शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क निळा प्रकाश वरच्या वरच गिळून टाकतात. खाली पोचतो तो पिवळा, केशरी, तांबडा उजेड.

या उजेडात राहणाऱ्या माशाला निळं टिपणारा डोळा घेऊन काय करायचं? रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींत ऑप्सिन नावाची प्रथिनं असतात. प्रत्येक ऑप्सिन ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरींना चटकन दाद देतं. माणसाकडे अशी तीन आहेत. मोहार्रा ज्या कुळातला, त्या सिक्लिड माशांच्या जनुकसंचात सात आहेत, अतिनील प्रकाशापासून लालपर्यंत. पण मासा एका वेळी सातही वापरत नाही, साधारण तीन मुख्य निवडतो. कोसिबोल्कातल्या मोठ्या मोहार्राच्या डोळ्यात निळा, हिरवा आणि लाल टिपणारी ऑप्सिनं चालू असतात, जांभळ्या-अतिनील टोकाची जवळपास बंद.

त्यावर आणखी एक तजवीज आहे. ऑप्सिन एकटं प्रकाश पकडू शकत नाही, त्याला अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू चिकटलेला असावा लागतो. गोड्या पाण्यातले पुष्कळ मासे अ१ ऐवजी अ२ जीवनसत्त्वाचा रेणू वापरतात. ऑप्सिन तेच राहतं, पण त्याची संवेदनशीलता तांबड्याकडे सरकते. गोड्या पाण्यातल्या माशांच्या डोळ्यातलं हे जांभळट रंगद्रव्य १९३०च्या दशकात जॉर्ज वाल्ड यांनी ओळखलं. दृष्टीवरच्या कामासाठी पुढे १९६७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. समुद्रातून नदीत परतणारा सामन मासाही वाटेत अ१ कडून अ२ कडे वळतो. हा बदल कोणतं विकर घडवतं हे मात्र २०१५ पर्यंत सापडलं नव्हतं.

हे सगळं भाची नावाड्याला स्पॅनिशमध्ये सांगत होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पायाजवळच्या टोपलीचं झाकण उचललं. पाच-सहा करड्या, काळ्या पट्ट्यांच्या मोहार्रांमध्ये एक झळझळीत केशरी मासा होता. हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या मिडास राजाचं नाव या सोनेरी माशांमुळेच पडलं. जन्मतः सगळे करडे असतात, त्यातल्या थोड्यांचा काळा रंग वाढत्या वयात झडतो आणि खालचं केशरी उघडं पडतं. नावाड्याने तो मासा हातभर पाण्यात धरला. करडा मासा तिथे दिसलाच नसता, हा दिवट्यासारखा दिसत होता.

जाता जाता त्याने शार्कची आठवण सांगितली. लहानपणी त्याने या गोड्या पाण्यात माणसाहून लांब शार्क बघितले होते. कल्पनेतली गोष्ट नाही ती. थॉमस थॉर्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १९६०-७०च्या दशकांत शार्कना खुणा लावून दाखवून दिलं की कॅरिबियन समुद्रातले बुल शार्क सान हुआन नदी चढून या तळ्यात येतात. पुढे पंखांसाठी इतकी कत्तल झाली की आता क्वचितच दिसतो.

दुपारी एका बेटावर अख्खी तळलेली मोहार्रा खाल्ली, सोबत कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले तुकडे आणि आंबट कोबी. काटे फार आहेत, घाई करू नका.

५ डिसेंबर : कातारिनाची कडा आणि खाली अपोयो

सकाळी ग्रानादाच्या चौकात विगोरोन खाल्लं. केळीच्या पानावर उकडलेला कसावा, त्यावर कुरकुरीत डुकराची साल आणि वर कोबीची आंबट कोशिंबीर. मी सालीशिवाय मागितलं, विकणारीने तक्रार न करता कसावा वाढवून दिला.

कातारिना गावाच्या कडेवरून अपोयो पहिल्यांदा दिसलं आणि दोघीही बराच वेळ बोललो नाही. सहा किलोमीटर रुंदीचं जवळजवळ गोल विवर, भिंतींवर जंगल आणि तळाशी गर्द निळं पाणी. त्याच्या मागे, तितक्याच उन्हात, कोसिबोल्काचा मातकट पट्टा. दोन्ही पाणी एका नजरेत मावत होती. मधल्या जमिनीवरून एकही ओढा या तळ्यातून त्या तळ्यात जात नाही. डिसेंबरात या कडेवर वारा भयंकर असतो, टोपी हातातच धरा. ड्रोन मात्र देशात आणूच नका, विमानतळावरच काढून घेतात.

सुमारे चोवीस हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटात हे विवर तयार झालं. पावसाच्या आणि जमिनीखालच्या पाण्याने ते भरलं. खोली पावणेदोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही खाली. मासे इथे आले कसे, यावर वाटेतल्या प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. खाली घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याच्या मते चक्रीवादळाने उचलून आणले, त्याच्या बायकोच्या मते पाणपक्ष्यांनी. ती पुढच्या आसनावरून मागे वळून आमच्याकडूनच निवाडा मागत होती.

६ डिसेंबर : अपोयोत

पहाटे वारा पडलेला असतो. सहाच्या सुमारास पाण्यात उतरलो. पाणी कोमट, किंचित मचूळ, आणि इतकं स्वच्छ की उतरणीवरचे काळे दगड खाली खाली जात निळाईत विरताना दिसत होते. इथे राहणार असाल तर पाण्याचा चष्मा आणि नळी स्वतःची आणा, भाड्याची मिळतात पण चष्मे गळके असतात. दगड धारदार आहेत, पायात रबरी बूट हवेतच.

छोट्या होडीतून तबकडी पुन्हा सोडली. परवा कमरेपर्यंतही न टिकलेली ती तबकडी पाच-सहा मीटरांवरही हिरवट-निळी दिसत होती. लाल फीत दोन-तीन मीटरांतच विटकरी झाली आणि पुढे राखाडी. निळी फीत मात्र खालीही निळीच. परवाचा क्रम अगदी उलटा. भाचीने खाली बुडी मारून फितींच्या शेजारी कॅमेरा धरला. वर आल्यावर तोंडातली नळी काढायच्या आधीच ती बोटाने "लाल गेला, लाल गेला" अशा खुणा करत होती.

कोसिबोल्काचा डोळा या पाण्यात आणून ठेवला तर त्याची लाल टिपणारी अर्धी तयारी वाया जाईल. जर्मनीतल्या कोन्स्टान्त्स विद्यापीठात आक्सेल मायर यांच्या गटाने मोठ्या तळ्यांतले आणि विवर-तळ्यांतले मिडास मासे शेजारी ठेवून तपासले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं की विवरांतल्या माशांनी लाल ऑप्सिनचा वापर कमी केला आहे आणि जांभळ्या-निळ्या बाजूच्या ऑप्सिनांचा वाढवला आहे. जोडीला, अ२ जीवनसत्त्व बनवणाऱ्या विकराचं जनुकही मंदावलं आहे. दोन्ही बदल नजरेला एकाच दिशेला, निळ्याकडे, ढकलतात.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट मी नेहमी वर्गात शेवटी सांगायचे. या माशांना नवं जनुक शोधावं लागलेलं नाही. गढूळ तळ्यातल्या मोहार्राची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत जांभळ्या टोकाची ऑप्सिनंच जोरात असतात. वाढता वाढता ती मागे पडतात आणि लाल बाजू पुढे येते. अपोयोच्या माशांत हीच वाटचाल मंद झाली आहे, पूर्ण होत नाही. म्हणजे विवरातला प्रौढ मासा आपल्या पिल्लूपणीच्या नजरेचा मोठा भाग आयुष्यभर राखतो. जे आधीपासून अंगात होतं त्याचं वेळापत्रक बदललं आणि नव्या पाण्यात निभावलं. हा बदल नुसता त्या त्या माशाने उजेडाशी जुळवून घेण्याचाही नाही. पिल्लं कोणत्या उजेडात वाढतात याचा परिणाम होतो हे खरं, पण प्रयोगशाळेत एकसारख्या उजेडात वाढवली तरी दोन्हीकडच्या वंशांतला फरक पुरता पुसला जात नाही. तो पिढ्यांमधून उतरलेला आहे.

दुसऱ्या बुडीत एक जोडपं सापडलं. दोन मोठ्या दगडांच्या बेचक्यात नर आणि मादी, मधोमध पिल्लांचा ढग. मी हातभर जवळ गेले तशी मादी सरळ माझ्या चष्म्यावर आली आणि तिथेच थांबली. तिचा डोळा सुट्टा वळत होता, आधी माझ्या हाताकडे, मग मागे पिल्लांकडे. मग पिल्लं एकेक करून तिच्या कुशीला तोंड लावू लागली. आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव ती खातात. पुस्तकात वाचलं होतं, पण तोंड लागताच तिच्या कातडीवरचा पट्टा किंचित थरथरतो हे वाचून कळत नाही.

अपोयोतच, याच पाण्यात, एका पूर्वजापासून सहा जाती झाल्या आहेत. त्यातली झालिओसस ही बाणासारखी सडपातळ जात मोकळ्या पाण्यात पोहते, बाकीच्या काठाजवळ आणि तळाशी असतात. हे तळ्याच्या आतच घडलं, असं दाखवणारा २००६ मधला निबंध खूप गाजला. झालिओसस आम्हाला लांबूनच दिसला, निळाईत एक रुपेरी रेघ.

काठावर परतल्यावर जेवण वाढणाऱ्या बाईंनी तिलापिया आणून ठेवला. हा मासा इथला नाही. १९९०च्या दशकात पाळण्यासाठी आणला आणि तो पिंजऱ्यांतून निसटला. तळाशी कारा नावाच्या शेवाळाची दाट कुरणं होती, ती त्याने संपवली. मला त्याची खरी काळजी वाटते. काठावर घरं वाढतायत, जंगल उतरणीवरून कमी होतंय, माती पाण्यात येतेय. पाणी गढुळलं तर काय होतं हे आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात दिसलंय. तिथल्या सिक्लिड माद्या नराच्या रंगावरून आपला जोडीदार ओळखतात. शेती आणि सांडपाण्याने पाणी धूसर झालं तिथे निळ्या-तांबड्या नरांतला फरक दिसेना, आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या. कित्येक पिढ्यांत निळ्या पाण्याशी जुळलेली अपोयोची नजर एखाद्या पिढीच्या निष्काळजीपणात निरुपयोगी होऊ शकते. इथे पोहणार असाल तर कृपा करून सनस्क्रीन चोपडून उतरू नका, बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला.

७ डिसेंबर : पुन्हा ग्रानादा

माशांशिवायचा दिवस, पण वगळवत नाही. संध्याकाळी सहाला सगळीकडून फटाके सुरू झाले. ला ग्रितेरिया! घरोघरी मेरीमातेची मूर्ती फुलांत मांडलेली, आणि रस्त्यावरून टोळ्या फिरतायत. दारात उभं राहून ओरडायचं, "एवढा आनंद कुणामुळे?" आतून-बाहेरून उत्तर येतं, "मारियाच्या गर्भधारणेमुळे!" मग घरचे ओंजळीत काहीतरी घालतात. आमच्या यजमानीणबाईंनी आम्हालाही पिशव्या देऊन बाहेर पिटाळलं. तासाभरात उसाची कांडकी, गोड लिंबं, गुळाच्या चवीची मक्याची वडी आणि एक प्लास्टिकचं गाळणं जमलं. एका घरी आजीबाईंनी भाचीचा हात धरून तिला प्रश्न पुन्हा ओरडायला लावला, कारण पहिल्यांदा आवाज पुरेसा मोठा नव्हता. मोठ्या पिशव्या न्या, आणि रात्री उशिरापर्यंत झोप लागणार नाही हे धरून चाला.

९ डिसेंबर : हिलोआ

आठ तारखेला सुट्टी असते, सगळी राजधानी पाण्यावर लोटते. म्हणून हिलोआसाठी मधला दिवस सोडला. मानाग्वाच्या वायव्येला, चिल्तेपे द्वीपकल्पावरचं हे विवर-तळं सुमारे सहा हजार वर्षांचं, म्हणजे अपोयोपेक्षा बरंच तरुण. पलीकडेच सोलोत्लान, म्हणजे मानाग्वाचं मोठं तळं. त्याच्या काठावर उभं राहिलं की राजधानीच्या सांडपाण्याचा वास अजूनही येतो.

हिलोआला यायचं कारण साधं होतं. अपोयोचे मासे कोसिबोल्कातून आले, हिलोआचे सोलोत्लानमधून. दोन वेगळे पूर्वज, दोन वेगळ्या वेळा, मध्ये कसलाही संबंध नाही. तरी दोन्हीकडे नजर निळ्याकडेच सरकली आहे. एका तळ्यात घडलं तर योगायोग म्हणता आलं असतं. दोनदा घडतं तेव्हा उजेडाचा दाब किती थेट आहे ते कळतं.

पाणी अपोयोइतकं नितळ नाही, पण फितींचा क्रम तोच : लाल आधी गेली. आणि इथे सोनेरी मासेही होते. दगडांच्या कपारीत दोन केशरी जोड्या पिल्लं राखत होत्या, शेजारी करड्या जोड्या, आणि हद्दीवरून सतत धक्काबुक्की. वर्षअखेरीचा हा विणीचा काळ आहे, जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा. काठावरच्या टपरीत गायो पिंतो, म्हणजे भात आणि राजमा एकत्र परतून, आणि गरम कॉफी मिळते. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे आम्हीच होतो.

टपरीवाल्याने उत्तरेकडच्या उंच कड्याकडे बोट दाखवलं. त्यापलीकडे आपोयेके, आणखी एक विवर, जेमतेम दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातलं. त्यातले मिडास मासे तर शंभरेक पिढ्यांपूर्वीच पोचलेले असावेत असा अंदाज आहे, आणि एवढ्यातच तिथे जाड ओठांचे आणि पातळ ओठांचे असे दोन प्रकार दिसू लागले आहेत. उतार सरळसोट आहे, वाटाड्याशिवाय जाऊ नये, आणि परत चढायला पाणी भरपूर लागतं. टपरीवाल्याचा मेहुणा वाट दाखवतो, पण त्या आठवड्यात तो कॉफीच्या तोडणीला गेला होता. तबकडी आणि फिती आम्ही टपरीवाल्याकडेच ठेवून आलो. वर जाणाऱ्या कुणालाही त्या वापरायला मिळतील, आणि लाल फीत किती खोलीवर राखाडी झाली ते भिंतीवर लिहून ठेवायचं त्याने कबूल केलं आहे.